चीक वाफेवर थिजतो, साधे दूध का थिजत नाही?

माजघर :

नमस्कार. आमच्या दूधवाल्यांच्या गोठ्यात गेल्या आठवड्यात गाय व्याली आणि त्यांनी आठवणीने चिकाच्या दोन बाटल्या आणून दिल्या, एक पहिल्या दिवसाची आणि दुसरी तिसऱ्या दिवसाची. पहिल्या दिवसाचा चीक हळद घातलेल्या दुधासारखा पिवळा आणि चमच्यावरून सावकाश ओघळावा इतका दाट होता. तिसऱ्या दिवसाचा मात्र पाहताक्षणी साधे दूधच वाटावे असा, जरासा पिवळसर एवढेच. सासूबाईंचे माप ‘जितका चीक तितके दूध’ असे आहे. त्या मापाने मी दोन्हींत दूध मिसळले, किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड आणि जायफळ घातले आणि कुकरची शिटी काढून २० मिनिटे वाफवले. पहिल्याच्या सुरीने नेटक्या वड्या पडल्या. दुसऱ्याचे झाकण काढले तेव्हा वर पिवळट पाणी आणि तळाशी रव्यासारखे कण, म्हणजे सरळसरळ फाटलेले दूध होते.

त्यानंतर आणखी एक गोंधळ झाला. पहिल्या दिवसाच्या चिकातला वाटीभर उरला होता, तो दुधासारखा उकळून ठेवावा म्हणून गॅसवर चढवला. उकळी दूरच राहिली, कडेला बुडबुडेसुद्धा दिसत नव्हते, तोच तळाशी गोळे धरू लागले आणि मी ढवळत राहिले तसतसा सगळ्याचा चोथा झाला.

मला पडलेला प्रश्न असा आहे. दूध आपण रोज उकळतो, बासुंदीसाठी तासभर आटवतो, तरी विरजण किंवा लिंबू घातल्याशिवाय ते कधी थिजत नाही; मग त्याच गायीचा चीक नुसत्या वाफेने, कसलेही आम्ल न घालता, अंड्यासारखा घट्ट कसा होतो? उष्णतेने दुधातल्या प्रथिनांचे नेमके काय होते, आणि चिकात जे घडते ते साध्या दुधातही घडत असते पण आपल्याला दिसत नाही, असे काही आहे का? घरात या विषयाला आणखी एक फाटा फुटला आहे. सासूबाईंच्या मते खरवस खाल्ल्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते, तर अकरावीत शिकणाऱ्या मुलाचे म्हणणे असे की तापवल्यावर प्रथिने नष्टच होतात, मग त्यात उरतेच काय. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?


परीक्षानळी :

तुम्ही अंड्याची उपमा सहज दिली असेल, पण ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. खरवस थिजतो आणि अंड्याचा बलक उकडून घट्ट होतो, या दोन्हींत घडणारी क्रिया एकाच जातीची आहे. मी काही वर्षे दुग्धरसायन शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गायीच्या साध्या दुधात ३.३ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि त्यांचे दोन गट पडतात. सुमारे ८० टक्के वाटा केसीनचा आणि उरलेला सुमारे २० टक्के निवळीतल्या प्रथिनांचा. निवळी म्हणजे दह्यावर सुटणारे ते पाणी. हे दोन गट आचेवर अगदी वेगवेगळे वागतात.

निवळीतले प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी, जी ठरावीक रीतीने घडी घालून घट्ट गोळीसारखी बसलेली असते. पाण्याशी न जुळणारे तिचे भाग आत दडलेले असतात आणि पाण्याशी जुळणारे बाहेर, म्हणून ती गोळी पाण्यात विरघळून राहते. ही घडी जागच्या जागी ठेवणारे बहुतेक बंध दुबळे असतात. तापमान ७० अंशांच्या वर जाऊ लागले की साखळीची थरथर त्या बंधांना पेलवत नाही आणि घडी मोडते. यालाच प्रथिनाचे विकृतीकरण म्हणतात. घडी मोडली की आत दडलेले भाग उघडे पडतात, त्यांना पाण्याचा सहवास नको असतो, त्यामुळे ते शेजारच्या उलगडलेल्या साखळीला जाऊन चिकटतात. अशा साखळ्या पुरेशा संख्येने असल्या तर त्यांचे भांडेभर जाळे विणले जाते आणि पाणी त्या जाळ्याच्या घरांत अडकून बसते. तुम्ही सुरीने कापलेली वडी म्हणजे ते जाळे होय.

केसीनची गोष्ट निराळी आहे. केसीनच्या साखळीत प्रोलीन हे अमिनो आम्ल जागोजागी येते आणि ते साखळीला नीट घडी पडू देत नाही, त्यामुळे केसीन मुळातच बरेचसे सैल आणि उघडे असते. ज्याची घडी बसलेलीच नाही, त्याची उष्णतेने मोडणार काय? असे हजारो केसीन रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक कणांभोवती एकत्र येऊन पुंजके करतात. त्यांना मिसेल म्हणतात आणि दुधाचा पांढरा रंग मुख्यतः त्यांच्यामुळे व स्निग्धांशाच्या थेंबांमुळे दिसतो. मिसेलच्या पृष्ठभागावर कॅपा-केसीनचे ऋणभारित केसाळ आवरण असते, ते पुंजक्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. ही रचना इतकी चिवट आहे की चांगले ताजे दूध बंद नळीत १४० अंशांवर धरले तरी ते गोठायला साधारण २० मिनिटे लागतात, आणि तेव्हाही ते गोठते ते मुख्यतः दुग्धशर्करा मोडून आम्ल तयार झाल्यामुळे आणि कॅल्शियम फॉस्फेट बाहेर पडल्यामुळे. आपली बासुंदी १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, तेव्हा तासभर आटवूनही ती थिजत नाही यात नवल नाही.

आता चिकाकडे येऊ. होल्स्टीन गायींच्या मोजणीत व्याल्यानंतरच्या पहिल्या धारेत सुमारे १४ टक्के प्रथिने आढळतात आणि त्यांत केसीन फक्त ५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे उरलेले ९ टक्के बहुतांश घडी घातलेल्या गोलाकार प्रथिनांचे, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे वासरासाठी साठवलेल्या प्रतिपिंडांचा. साध्या दुधात हीच गोलाकार प्रथिने जेमतेम ०.६ ते ०.७ टक्के असतात. योगायोग असा की दुधातल्या गोलाकार प्रथिनांत इम्युनोग्लोब्युलिन उष्णतेला सर्वांत आधी बळी पडतात. त्यांच्यामागून रक्तातून आलेले सीरम अल्ब्युमिन, मग बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन सर्वांत शेवटी. जे प्रथिन सर्वांत हळवे, तेच चिकात सर्वांत जास्त आहे. तुमच्या पातेल्यात उकळीच्या पुष्कळ आधी गोळे धरले त्याचे कारण हे. तळाचा थर आधी तापला, तिथे जाळे विणले गेले, तुम्ही ते पळीने मोडले, पुन्हा नवा थर तापला आणि पुन्हा मोडला. वाफेवर भांडे स्थिर असते म्हणून जाळे अखंड राहते. चीक ढवळत तापवला की चोथाच होणार.

मापाचे गणितही यातून सुटते. पहिल्या धारेत ९ टक्के गोलाकार प्रथिने असतील आणि तुम्ही तितकेच दूध घातले तर मिश्रणात ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास राहतात. त्याच मोजणीत दुसऱ्या धारेत एकूण प्रथिने सुमारे ८.४ टक्के भरतात आणि गोलाकार प्रथिने ४ टक्क्यांच्या थोडी वर. याचा अर्थ दुसरी धार दूध न घालताही तुमच्या त्या यशस्वी मिश्रणाच्या जवळपासच असते. तिसऱ्या धारेत एकूण प्रथिने ५ टक्क्यांवर उतरतात आणि गोलाकार प्रथिने दीड टक्क्याच्याही आत येतात. दिवसाला दोन धारा धरल्या तर तिसरा दिवस म्हणजे पाचवी-सहावी धार. तोवर चीक जवळजवळ दूध झालेला असतो आणि तुम्ही त्यात आणखी दूध घातलेत. जाळे विणायला धागाच उरला नाही.

तळाशी कण का आले, हा मात्र वेगळा मुद्दा आहे आणि त्याचा दोष बहुधा गुळाकडे जातो. गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. गरम दुधात तो पडला की दुधाचा सामू खाली येतो, मिसेलवरचा ऋणभार कमी होतो आणि आचेच्या जोडीने ते एकमेकांना चिकटतात. गुळाची खीर गॅसवरून उतरवून थोडी निवल्यावरच गूळ घालावा, असे जाणती माणसे सांगतात ते याचसाठी. पहिल्या भांड्यातही गूळ होताच, पण तिथे जाळ्याने सगळेच जागच्या जागी धरून ठेवले.


दावण :

वरचे गणित वाचून बरे वाटले, कारण आम्ही गोठ्यावर जे अंदाजाने करतो त्याचे कारण कळले. दोन गोष्टी अनुभवाच्या जोडतो.

‘पहिला दिवस, तिसरा दिवस’ हे माप फसवे आहे, धार मोजली पाहिजे. गाय पहाटे व्याली आणि संध्याकाळपर्यंत दोन धारा निघाल्या, तर त्या दोन्ही पहिल्या दिवसाच्याच, पण त्यांच्या दाटपणात निम्म्याचा फरक असतो. तीन-चार वेतांच्या गायीचा चीक पहिलारू गायीपेक्षा सहसा दाट निघतो. व्यायच्या आधी जिची कास गळत असेल तिचा चीक पातळ झालेला असतो. म्हणून आमच्याकडे घरचे माणूस कधीही मापाने दूध घालत नाही. एका वाटीत दोन चमचे चीक घ्यायचा, त्यात दोन चमचे दूध घालायचे आणि इडलीपात्राच्या वाफेवर दहा मिनिटे ठेवायचे. घट्ट झाला आणि बोटाने दाबल्यावर रबरासारखा लागला तर आणखी दूध चालेल. हलला तर दूध कमी करायचे. सगळा चीक वाया घालवण्यापेक्षा दोन चमचे गेलेले परवडतात.

दुसरी गोष्ट वासराची. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंड जवळजवळ नसतातच, कारण गायीच्या वारेतून ते गर्भात पोचत नाहीत. जे मिळायचे ते चिकातूनच, आणि तेही पहिल्या काही तासांत. २४ तास उलटले की वासराच्या आतड्यातून हे मोठे रेणू अखंड रक्तात शिरण्याची वाट बंद होते. म्हणून आधी वासराचे पोट, मग उरलेला चीक खरवसाला. तुमच्या दूधवाल्यांनी तसे केलेच असेल, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिले.

परीक्षानळी यांनी सांगितलेल्या हळवेपणाचा आम्हाला रोजच्या कामातही प्रत्यय येतो. मोठ्या गोठ्यांवर वासरांना पाजण्याचा चीक जंतू मारण्यासाठी तापवतात, तेव्हा तो ६० अंशांवर ६० मिनिटे ठेवण्याची पद्धत आहे. दुधाला चालणारी ६३ अंश आणि ३० मिनिटांची रीत चिकाला लावली तर तो दाटू लागतो आणि त्यातले प्रतिपिंडही बरेच जातात. तीन अंशांचा फरक, पण यंत्राच्या नळ्या तुंबायला तेवढा पुरतो.


माजघर :

दोघांचेही मनापासून आभार. धारांचा हिशेब दूधवाल्यांना विचारला. ‘तिसरा दिवस’ म्हणून दिलेला चीक सहाव्या धारेचा होता, म्हणजे तो थिजण्याची आशाच नव्हती.

माझ्या प्रश्नाचा एक भाग राहिला आहे. साध्या दुधातली ती ०.६ टक्के गोलाकार प्रथिनेही उकळताना उलगडतच असणार. ती जाळे विणायला पुरत नाहीत हे समजले, पण मग ती जातात कुठे? उकळलेल्या दुधात कण तर दिसत नाहीत.


परीक्षानळी :

फार योग्य जागी बोट ठेवलेत. ती जातात केसीनच्या अंगावर, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या गोष्टी त्या एका घटनेवर उभ्या आहेत.

गायीच्या साध्या दुधाच्या निवळीतले मुख्य प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. त्याची साखळी १६२ अमिनो आम्लांची असते आणि तिच्यात सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या पाच जागा आहेत. त्यांपैकी चार जागा जोडीजोडीने एकमेकींना बांधलेल्या असतात. दोन गंधक अणूंमधल्या अशा बंधाला डायसल्फाइड बंध म्हणतात. पाचवी जागा एकटी असते आणि थंड दुधात ती घडीच्या आत झाकलेली असते, त्यामुळे ती कोणाच्या वाटेला जात नाही. दूध ७०-७५ अंशांच्या पुढे गेले की घडी सुटते आणि तो एकटा गंधक उघडा पडतो. तो जवळच्या कोणत्याही डायसल्फाइड बंधावर चाल करतो, त्यातल्या एका गंधकाशी स्वतः जोडला जातो आणि दुसऱ्याला एकटा पाडतो. एकटा पडलेला गंधक आता पुढच्या बंधावर चाल करतो. एका मोकळ्या गंधकाने असे अनेक रेणू एकमेकांना कायमचे बांधले जातात.

मिसेलच्या पृष्ठभागावरच्या ज्या कॅपा-केसीनचा मी वर उल्लेख केला, त्यातही सिस्टीन असते. म्हणून उलगडलेले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन त्याच्याशी डायसल्फाइड बंधाने जोडले जाते आणि मिसेलवर त्याचा थर बसतो. पुंजके मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने डोळ्यांना कण दिसत नाहीत, दूध आधी होते तसेच पांढरे दिसते. पण रसायनदृष्ट्या ते आता वेगळे दूध असते.

याचा पुरावा विरजणात मिळतो. पिशवीचे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून थंड केलेले असते, तेवढ्याने निवळीतल्या प्रथिनांपैकी फार थोडी उलगडतात. ते न उकळता नुसते कोमट करून विरजले तर दही सैल लागते आणि चमचा घातला की पाणी सोडते. तेच दूध उकळून, पाच-दहा मिनिटे मंद आचेवर ठेवून, मग कोमट करून विरजले तर कवडी पडते, कारण दह्याच्या जाळ्यात आता केसीनबरोबर निवळीची प्रथिनेही विणली जातात आणि ते पाणी घट्ट धरून ठेवतात. दह्याचे कारखाने दूध ८५ ते ९५ अंशांवर मुद्दाम काही मिनिटे धरतात ते एवढ्यासाठी.

पनीरचेही तसेच. दूध ९० अंशांच्या आसपास नेऊन मग लिंबाचा रस घातला की केसीनबरोबर त्याच्या अंगावर बसलेली निवळीची प्रथिनेही खाली बसतात, म्हणून पनीरचे पाणी हिरवट आणि स्वच्छ निघते. युरोपातल्या चीजकारांना मात्र हा थर नको असतो. चीजसाठी दूध साकळवायला घालतात त्या रेनेटमधले कायमोसिन हे विकर कॅपा-केसीनची साखळी १०५ आणि १०६ या दोन अमिनो आम्लांच्या मध्येच तोडते. तिथे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन चिकटून बसले आणि मिसेलवर त्याचे आवरण चढले की दही मऊ व लिबलिबीत बनते. म्हणून १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेल्या, खोक्यातल्या टिकाऊ दुधाचे रेनेट घालून चीज होत नाही. चीजकार दूध बेताने तापवतात, निवळीची प्रथिने पाण्यात जाऊ देतात आणि इटलीत त्याच पाण्याला पुन्हा ८०-९० अंशांपर्यंत तापवून, गोळा होणाऱ्या त्या प्रथिनांची रिकोटा करतात. रिकोटा हा जवळजवळ खरवसाचा दूरचा नातलगच म्हणायला हवा.

उकळलेल्या दुधाला येणारा विशिष्ट वासही याच गंधकाचा. मोकळ्या झालेल्या गंधकगटांतून हायड्रोजन सल्फाइडसारखी बाष्पशील संयुगे अत्यल्प प्रमाणात निघतात. उकडलेल्या अंड्याच्या वासाशी त्याचे साम्य वाटत असेल तर ते खरेच आहे.


शंकेखोर :

परीक्षानळी यांचे प्रतिसाद उत्तम आहेत, पण ‘विकृतीकरण’ या एका शब्दाविषयी हरकत नोंदवतो, कारण माजघर यांच्या मुलाचा गैरसमज त्यातूनच जन्मतो. घडी मोडणे हा काटेकोरपणे पाहिले तर रासायनिक बदल नव्हे. त्यात अमिनो आम्लांना जोडणारा एकही पेप्टाइड बंध तुटत नाही. तो बंध तोडायचा तर प्रयोगशाळेत प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात घालून ११० अंशांवर २४ तास ठेवावे लागते. दुधाच्या पातेल्यात तसे काही घडत नाही, तेव्हा ‘तापवल्यावर प्रथिने नष्ट होतात’ हे विधान चूक आहे. घडी मोडली म्हणून साडीचे सूत कमी होत नाही. उलट घडीतले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन जठरातल्या पेप्सिनला सहजी दाद देत नाही. उलगडल्यावर त्याच्या साखळीवर पेप्सिनला कात्री चालवायला जागा मिळते.

खरा रासायनिक बदल दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे वर सांगितलेली गंधकाची अदलाबदल, तिच्यात सहसंयुज बंध तुटतात आणि नवे बनतात. दुसऱ्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, तो साखरेचा. प्रथिनातल्या लायसीन या अमिनो आम्लाच्या टोकाला एक मोकळा अमिनो गट असतो. दुग्धशर्करा त्याला जाऊन चिकटते आणि पुढे पायरीपायरीने तपकिरी रंगाचे व खमंग वासाचे पदार्थ तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या या क्रियेचे वर्णन केले म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. बासुंदीचा बदामी रंग तिचा आहे. सातारी कंदी पेढ्यासाठी खवा परतत नेतात तेव्हा पाणी उडाल्याने तापमान १०० अंशांच्या वर जाते, प्रथिने आणि शर्करा एकमेकांच्या जवळ येतात आणि क्रिया वेग घेते. धारवाडचा पेढा त्याच वाटेवर आणखी पुढे गेलेला असतो. या पदार्थांची चव म्हणजे प्रथिनांचा रासायनिक बदलच आहे.

या बदलात पोषणाचा थोडा तोटा मात्र खरा आहे, कारण शर्करेने पकडलेले लायसीन शरीराला वापरता येत नाही. पिशवीच्या दुधात हा तोटा नगण्य, रोज उकळण्यातही किरकोळ, तापलेल्या रोलरवर वाळवलेल्या भुकटीत किंवा गडद परतलेल्या खव्यात लक्षणीय. पेढा कोणी लायसीनसाठी खात नाही, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या खरवसाचा रंग मात्र गुळाचा आहे, मायार अभिक्रियेचा नव्हे. २० मिनिटांच्या ओल्या वाफेत ती फारशी पुढे जात नाही. साखर घालून केला असता तर तो पिवळसर पांढराच राहिला असता.


परीक्षानळी :

हरकत मान्य. शब्द मी सैल वापरला.

सासूबाईंच्या मुद्द्याचे उत्तर त्यातूनच देता येते. प्रतिपिंडाचे काम त्याच्या आकारावर चालते; ज्या जंतूला पकडायचे त्याच्या पृष्ठभागाशी प्रतिपिंडाच्या टोकाची घडी कुलूप-किल्लीसारखी जुळावी लागते. खरवस थिजतो तेच मुळी प्रतिपिंडांची घडी मोडून, त्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळे. जो चीक घट्ट थिजला, त्यातले बहुसंख्य प्रतिपिंड प्रतिपिंड म्हणून संपलेले असतात. शिवाय माणसाचे बाळ आईच्या वारेतूनच प्रतिपिंड घेऊन येते आणि मोठ्या माणसाचे आतडे असे अखंड रेणू रक्तात घेत नाही. तेव्हा खरवस हे उत्तम पचणारे, भरपूर प्रथिनांचे खाणे आहे, आणि सासूबाईंनी ते त्याच कारणासाठी आग्रहाने वाढावे.

एक सावधगिरी सांगतो, कारण असे धागे वाचून काही जण भलताच निष्कर्ष काढतात. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ‘दूध उकळले म्हणजे प्रथिन बदलले’ म्हणून उकळलेले दूध देऊ नये. केसीन उकळीने फारसे बदलत नाही हे वर आलेच आहे, आणि ॲलर्जी पुष्कळदा त्याचीच असते. असा निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.


माजघर :

मुलाला शंकेखोर यांचा साडीचा दाखला वाचून दाखवला. त्याने पुस्तकात शोधून पेप्टाइड बंधाची गोष्ट खरी असल्याची खात्री करून घेतली आणि मग मान्य केले. सासूबाईंना प्रतिपिंडांचे सांगितले; त्यांचे उत्तर असे की वासराला आधी पाजावे हे त्या कधीपासून सांगत आहेत आणि उरलेला आपण खावा याला कोणाची हरकत नसावी.

काल दूधवाल्यांच्या दुसऱ्या गायीच्या दुसऱ्या धारेचा चीक मिळाला. दावण यांच्या सांगण्याप्रमाणे वाटीत दोन चमचे वाफवून पाहिले, दूध घातलेले हलले आणि न घातलेले थिजले, म्हणून सगळा दूध न घालताच केला. घट्ट झाला. मात्र या वेळी चुकून ३५ मिनिटे वाफवला गेला, त्यामुळे वड्यांना बारीक छिद्रे पडली आणि ताटलीत बरेच पाणी सुटले. हेही जाळ्याचेच काही असावे असे वाटते.


परीक्षानळी :

जाळ्याचेच आहे. गरज संपल्यावरही आच चालू राहिली की साखळ्यांत नवे बंध पडत राहतात, जाळे आकसते आणि घरांत धरलेले पाणी बाहेर पिळले जाते; छिद्रे वाफेच्या आणि विरघळलेल्या हवेच्या बुडबुड्यांची. मधोमध सुरी घालून ती स्वच्छ निघाली की लगेच उतरवायचा, घड्याळाकडे पाहायचे नाही. काहींना मात्र जाळीदार खरवसच आवडतो, तेव्हा याला चूक म्हणावे की नाही हे खाणाऱ्यांना विचारा. सुटलेले पाणी टाकू नका. त्यात गूळ, दुग्धशर्करा आणि उष्णतेला शेवटपर्यंत टिकून राहिलेले थोडे अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आहे. त्यात कणीक भिजवून दशम्या कराव्यात.